जुन्या तैलचित्राची हाताने रंगवलेली प्रत घरासाठी करून घ्यावी का, आणि ती करून घेताना काय पाहावे?

मृण्मयी_कोथरूड यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या दिवाणखान्यातील एक भिंत आम्ही मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. तेथे छापील चित्र न लावता एखाद्या जुन्या, नावाजलेल्या चित्राची हाताने रंगवलेली प्रत लावावी अशी माझी आणि यजमानांची इच्छा आहे. मनात दोन चित्रे आहेत. पहिले योहान्नेस व्हर्मेर या डच चित्रकाराचे, खिडकीपाशी उभे राहून मडक्यात दूध ओतणाऱ्या मोलकरणीचे. ते ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. दुसरे सावळाराम हळदणकरांचे, हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने ज्योत जपणाऱ्या स्त्रीचे. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले आहे आणि त्या दालनातून आमचा पाय लवकर निघाला नव्हता.

चौकशी केल्यावर मात्र गोंधळ वाढला. ऑनलाइन विक्रेते ‘शंभर टक्के हाताने रंगवलेले, संग्रहालयाच्या दर्जाचे तैलचित्र’ असे सांगून दोन फुटांपासून पाच फुटांपर्यंत हव्या त्या आकारात, आठवडा-दहा दिवसांत घरपोच द्यायला तयार आहेत. पुण्यातील एका चित्रकारांनी याच कामासाठी कितीतरी पट रक्कम आणि चार-पाच महिने मागितले. हा फरक नेमका कशाचा आहे? चित्रकाराला काम देण्यापूर्वी त्याला कोणते प्रश्न विचारावेत?

आणखी एक शंका माझ्या सासऱ्यांची आहे. त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या चित्राची नक्कल भिंतीवर लावण्यापेक्षा एखाद्या नवोदित चित्रकाराचे स्वतःचे चित्र घ्यावे, कारण नकलेला कलेच्या दृष्टीने काहीच मोल नसते. मला हे पूर्णपणे पटत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावे हेही सुचत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तैलरंग_दादर यांचे उत्तर

मृण्मयीताई, मी व्यवसायाने चित्रकार आहे. व्यक्तिचित्रे करतो आणि मागणीनुसार जुन्या चित्रांच्या प्रतीही करतो. त्यामुळे माझे मत एका बाजूचे वाटण्याचा संभव आहे, तरी कामाची पद्धत समजावून सांगितली तर दोन किमतींमधील फरक तुम्हाला आपोआप कळेल असे वाटते.

आधी आकाराविषयी लिहितो, कारण बहुतेक प्रती तेथेच बिघडतात. व्हर्मेरचे हे चित्र सुमारे 1660 सालचे आहे आणि त्याची उंची अवघी साडेपंचेचाळीस सेंटिमीटर व रुंदी एक्केचाळीस सेंटिमीटर आहे, म्हणजे जेमतेम दीड फूट. पुस्तकांतून आणि पडद्यावर पाहून ते मोठे असावे असा आपला समज होतो, पण मूळ चित्राचा सारा जीव त्याच्या आटोपशीरपणात आहे. टोपलीतल्या पावावर व्हर्मेरने जाड रंगाचे जे बारीक ठिपके ठेवले आहेत, ते त्या आकारात उजेडाचे कण वाटतात. तेच चित्र चार फुटांचे केले की ठिपके तरी विरळ पडतात किंवा मोठे होतात, आणि दोन्ही प्रकारांत पाव पाव राहत नाही. मागची पांढरी भिंतही अशीच फसवी आहे. तिच्यात एक खिळा आहे, त्याची सावली आहे, गिलाव्यातली भोके आहेत, आणि खिडकीकडून उजवीकडे जाताना तिचा पांढरा रंग सतत बदलत राहतो. मोठ्या कॅनव्हासवर घाईने काम करणारा माणूस ती भिंत सपाट राखाडी रंगवून मोकळा होतो. म्हणून माझा आग्रह असा की व्हर्मेर हवा असेल तर मूळ आकारातच, फार तर थोडा मोठा घ्यावा, आणि मोकळ्या भिंतीचा प्रश्न रुंद लाकडी चौकटीने किंवा शेजारच्या मांडणीने सोडवावा.

आता वेळेविषयी. त्या काळची चित्रपद्धती थरांची आहे. आधी कॅनव्हासवर तपकिरी किंवा करड्या रंगाचा पातळ हात देऊन पांढरेपणा मारतात, मग चौकटी आखून रेखाटन उतरवतात, नंतर एक-दोन मातकट रंगांत सगळा छायाप्रकाश बसवून घेतात. याला आम्ही अंडरपेंटिंग म्हणतो. ते वाळल्यावर प्रत्यक्ष रंगांचे थर चढतात आणि अखेरीस ग्लेझ, म्हणजे जवसाच्या तेलात मिसळलेल्या पारदर्शक रंगाचे अगदी पातळ हात दिले जातात. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त असावे लागते, कारण वरचा थर आधी वाळून कडक झाला आणि खालचा नंतर आक्रसला तर रंगाला तडे जातात. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. पातळ थराला हात लावण्याजोगे वाळायला काही दिवस लागतात, जाड थराला आठवडे लागतात, आणि अंतिम वार्निश तर सहा महिने ते वर्षभराने द्यायचे असते. अल्किड माध्यम, म्हणजे तैलरंग लवकर वाळवणारे कृत्रिम मिश्रण, वापरले तर थर दिवसभरात वाळतो आणि ते वापरण्यात गैर काही नाही, मात्र चित्रकाराने तसे आधी सांगायला हवे. एवढे लक्षात घेतले की आठवडाभरात वार्निशसह घरपोच येणारे ‘तैलचित्र’ कसे तयार होत असेल याचा अंदाज बांधता येतो. बहुधा ते ॲक्रिलिकमधले, म्हणजे पाण्यात कालवायच्या झटपट वाळणाऱ्या रंगांतले असते किंवा एकाच बैठकीत ओल्यावर ओले रंगवलेले असते. इंप्रेशनिस्टांच्या काही चित्रांना ही दुसरी पद्धत शोभते, पण व्हर्मेरला ती मुळीच चालत नाही.

चीनमधील शेन्झेन शहरालगतच्या दाफेन गावात 1989 पासून हा व्यवसाय वाढला आणि जगभरातील हॉटेलांना व घरांना अशा प्रती तेथून जाऊ लागल्या. तेथील काही कारखान्यांत एका ओळीत कॅनव्हास लावून एक जण सगळ्यांवर आकाश रंगवतो, दुसरा झाडे, तिसरा चेहरे, अशी विभागणी असे. त्या कारागिरांच्या हातात सफाई नसते असे मी म्हणणार नाही, काहींचे कौशल्य थक्क करणारे आहे. परंतु ज्याने चित्र सलग पाहिलेच नाही, त्याला त्यातील उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांभाळता येत नाही.

रंगद्रव्यांचा मुद्दाही विचारात घ्या. मोलकरणीच्या कमरेचे निळे वस्त्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाच्या पुडीने रंगवलेले आहे, आणि तिच्या चोळीचा पिवळा रंग शिसे व कथील यांच्या संयुगाचा आहे. तो रंग अठराव्या शतकात वापरातून गेला तो विसाव्या शतकात पुन्हा ओळखला गेला. आज कृत्रिम अल्ट्रामरीन सहज मिळतो आणि तो उत्तम चालतो. पिवळ्यासाठी मात्र बाजारातला भडक कॅडमियम यलो तसाच थापला तर चित्र ओरडायला लागते; तो पांढऱ्यात आणि किंचित मातकट पिवळ्यात मिसळून शांत करावा लागतो. पांढऱ्याचेही तेच. व्हर्मेरकडे शिशाचा पांढरा होता, जो उबदार आणि थोडा पारदर्शक असतो. आपला टायटॅनियम पांढरा थंड आणि झाकणारा असतो.

म्हणून चित्रकाराला विचारावयाचे प्रश्न असे : कोणत्या प्रतिमेवरून काम करणार, किती थरांत करणार, कॅनव्हास सुती आहे की लिनन (जवसाच्या धाग्याचे कापड) आणि त्यावर प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या लेपाचे, किती हात आहेत, रंग विद्यार्थ्यांच्या दर्जाचे की कलावंतांच्या दर्जाचे, आणि अंडरपेंटिंग झाल्यावर ते तुम्हाला दाखवणार का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जो चित्रकार मधला टप्पा आनंदाने दाखवतो, त्याच्याकडे तो टप्पा असतो. राइक्सम्युझियमने या चित्राची अतिशय सूक्ष्म तपशिलाची प्रतिमा विनामूल्य खुली केलेली आहे, त्यामुळे ‘चांगला फोटो मिळाला नाही’ ही सबब या चित्राच्या बाबतीत कोणालाही देता येणार नाही.

दिवाणखाना_ठाणे यांचे उत्तर

तैलरंग सरांनी कामाची बाजू मांडली आहे, मी ग्राहकाची मांडतो. आम्ही व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीच्या चित्राची प्रत ऑनलाइन मागवली होती. विक्रेत्याचे नाव येथे लिहीत नाही. पहिल्या दृष्टीला चित्र फार सुंदर वाटले आणि हात फिरवला तर कुंचल्याचे उंचवटेही लागत होते. मात्र संध्याकाळी दिव्याखाली पाहताना पत्नीच्या लक्षात आले की उंचवट्यांची दिशा आणि रंगांची दिशा जुळत नाही. आकाशातील निळे वळण गोल जात होते आणि त्यावरचा उंचवटा मात्र सरळ आडवा होता. ते कॅनव्हासवर छापलेले चित्र होते आणि त्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले होते. आम्ही तक्रार करून ते परत केले.

तेव्हापासून मी चित्र हातात आले की काही गोष्टी तपासतो आणि त्या सर्वांनी तपासाव्यात असे मला वाटते. मोबाइलचा विजेरी दिवा चित्राच्या अगदी कडेला, भिंतीला समांतर धरावा. खऱ्या रंगलेपनात उंचवटा आणि रंग एकाच फटकाऱ्याचे असल्याने दोन्ही बरोबर वळतात. घड्याळजीचे भिंग मिळाले तर चेहऱ्याच्या कडा पाहाव्यात, छपाईत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ज्या ठिकाणी दुमडलेला असतो तेथेही पाहावे. हाताने रंगवलेल्या चित्रात रंग तेथे वेडावाकडा संपतो, छपाईत तो आखल्यासारखा संपतो. आणि जाहिरातीतील शब्द नीट वाचावेत. ‘हाताने सजवलेले’ आणि ‘हाताने रंगवलेले’ या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. पहिली घेऊ नये असे माझे म्हणणे नाही, पण तिची किंमत छपाईची असावी.

नंतर आम्ही ठाण्यातीलच एका तरुण चित्रकर्तीकडून प्रत करून घेतली. तिने तीन टप्प्यांवर आम्हाला बोलावले, आणि त्या भेटींत चित्र कसे पाहावे हे जेवढे शिकायला मिळाले, त्यासाठीसुद्धा मी पुन्हा पैसे देईन.

लेणी_आणि_चित्रे यांचे उत्तर

मृण्मयीताई, तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावेसे वाटते, कारण हा प्रश्न आपल्याच मातीत एकदा फार मोठ्या प्रमाणावर सुटलेला आहे.

अजिंठ्याची भित्तिचित्रे जगाला कळली ती प्रतींमुळे. मद्रासच्या लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची 1844 साली या कामावर नेमणूक झाली आणि त्यांनी कित्येक वर्षे अजिंठ्याच्या परिसरात राहून ती चित्रे कॅनव्हासवर तैलरंगांत उतरवली. त्यांतील बहुतेक चित्रे लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाली. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत, मधल्या खंडांसह, आपले विद्यार्थी घेऊन हे काम पुन्हा केले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील सर्वांत नावाजलेले. दिवसेंदिवस गुंफेच्या अंधुक उजेडात बसून या मुलांनी तैलरंगांत प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक प्रती 1885 साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत गेल्या, पण ज्या उरल्या त्या आज तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि त्यांत असे तपशील आहेत जे अजिंठ्याच्या भिंतींवरून आता पुसले गेले आहेत. मूळ चित्र झिजले आणि प्रत साक्षीला उरली, असे येथे घडलेले आहे. (त्या काळी भिंतींवर चित्रे उजळ दिसावीत म्हणून लावलेल्या वार्निशने मूळ चित्रांचे नुकसान झाले, ही या इतिहासाची दुःखद बाजू, तीही विसरता कामा नये.)

युरोपातही हेच आढळते. रूबेन्सने तिशियनच्या चित्रांच्या प्रती केल्या, व्हॅन गॉगने मिलेच्या. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मोनालिसाची एक प्रत आहे. ती 2012 च्या सुमारास स्वच्छ केल्यावर काळ्या पार्श्वभूमीखाली निसर्गदृश्य सापडले आणि ती लिओनार्दोच्याच कार्यशाळेत, मूळ चित्र घडत असतानाच त्याच्या बरोबरीने रंगवली गेली असावी असे अभ्यासकांचे मत झाले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवाना घेऊन चित्रांसमोर घोडी लावून प्रती करता येतात. तेथील दोन नियम मला फार आवडतात : प्रत मूळ चित्राच्या आकाराची असता कामा नये, आणि तिच्यावर मूळ चित्रकाराची सही उतरवता कामा नये. प्रत आणि बनावट चित्र यांतील सीमारेषा येथे आहे. तैलरंग यांनी व्हर्मेर मूळ आकारात घ्यावा असे सुचवले आहे. चित्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण मग पाठीमागे ‘प्रत’ हा शब्द, प्रत करणाऱ्याचे नाव आणि साल पक्क्या शाईने लिहून घेणे अनिवार्य समजावे.

नवोदित चित्रकाराचे स्वतःचे चित्र घ्यावे हे सासऱ्यांचे म्हणणे योग्यच आहे, आणि ऐपत असेल तर दोन्ही घ्यावे. परंतु ज्या तरुण चित्रकाराला तुम्ही प्रतीचे काम द्याल, त्याला एका थोर चित्राच्या सहवासात काही महिने राहण्याचे मानधन मिळते. पूर्वी कलाशाळांतून हे शिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग होते.

आता हळदणकरांच्या चित्राविषयी, कारण त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही. ते तैलचित्र नाही. ते जलरंगात केलेले आहे, आणि तीच त्याची अपूर्वाई आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात, ते त्याचे नाही. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभे करून ते रंगवले. पारदर्शक जलरंगात उजेड हा कागदाचा असतो. ज्योतीमागचा पंजा आतून उजळल्यासारखा दिसतो, बोटांच्या कडा तांबूस होतात, ते कागदाचा पांढरेपणा अखेरपर्यंत राखल्यामुळे. तैलरंगांत हा उजेड पांढऱ्या रंगाने वरून आणावा लागतो आणि मग त्याची जात बदलते. बाजारात या चित्राच्या तैलरंगातील असंख्य प्रती मिळतात आणि बहुतेकींत ती स्त्री दिव्याच्या उजेडात नसून दुकानाच्या दिव्यात उभी असल्यासारखी दिसते. हे चित्र हवेच असेल तर उत्तम जलरंग करणाऱ्या व्यक्तीकडेच जावे.

त्यातही कायद्याची एक बाब आहे. 1957 च्या कायद्यानुसार आपल्याकडे चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो. हळदणकरांचे निधन 1968 साली झाले, म्हणजे हा काळ 2028 च्या अखेरीस संपतो. तोपर्यंत त्यांच्या चित्राच्या प्रती करून विकायच्या तर हक्कधारकांची परवानगी हवी. चित्र कोणत्या राजवाड्यात टांगलेले आहे यावर हा हक्क ठरत नाही. व्हर्मेरबाबत आणि 1906 साली वारलेल्या रविवर्म्याबाबत हा प्रश्न उरत नाही.

मृण्मयी_कोथरूड यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. अजिंठ्याच्या प्रतींचा इतिहास मी काल रात्री सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि ‘चित्रकाराचे नाव मागे लिहून घ्यायचे असेल तर माझी हरकत नाही’ असे सांगितले. हळदणकरांचे चित्र आम्ही तूर्त बाजूला ठेवत आहोत. जे चित्र कागदाच्या उजेडावर उभे आहे, ते तैलरंगांत करून घेण्यात अर्थ नाही हे पटले.

त्यामुळे दोन नवे प्रश्न निर्माण झाले. आपल्याकडचेच चित्र हवे म्हणून रविवर्म्याचे ‘हंस-दमयंती’ करून घेतले तर कसे? आणि दुसरे असे की आमचे मूळ घर रत्नागिरीजवळ आहे, निवृत्तीनंतर आम्ही तेथेच राहणार आहोत. कोकणातल्या पावसात तैलचित्र टिकते का?

जतन_संवर्धन यांचे उत्तर

मी चित्रांच्या जतनाचे काम करते. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

तैलचित्र कोकणात टिकते, परंतु भिंत निवडावी लागते. पावसाळ्यात सुती कॅनव्हास दमट हवेतली ओल शोषून घेतो आणि सैल पडतो, हिवाळ्यात कोरडा होऊन ताणला जातो. प्रत्येक वर्षीची ही हालचाल रंगाच्या थराला सोसावी लागते. म्हणून कॅनव्हास चांगल्या लिननचा असावा आणि लाकडी स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून धरणाऱ्या चौकटीच्या, कोपऱ्यांत पाचरी असाव्यात, म्हणजे सैल पडलेला कॅनव्हास पुढे तज्ज्ञाच्या हातून पुन्हा ताणता येतो. स्वस्त प्रती मांजरपाटासारख्या विरळ कापडावर, खिळे ठोकून पक्क्या केलेल्या चौकटीवर येतात आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात त्यांना पोट सुटते.

पावसाच्या झडीची बाहेरची भिंत टाळावी. आतल्या दोन खोल्यांमधली भिंत उत्तम. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून चित्र भिंतीपासून बोटभर पुढे ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळते आणि बुरशीला थारा मिळत नाही. देवघराच्या वर, स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा उदबत्ती-निरांजनाचा धूर पोहोचेल अशा जागी तैलचित्र लावू नये, कारण तेलकट काजळी वार्निशमध्ये बसते. पश्चिमेच्या खिडकीसमोरची जागाही नको. तैलचित्राला काच लागत नाही. जलरंगाला मात्र काच आणि माउंट दोन्ही अत्यावश्यक आहेत.

स्वच्छतेसाठी मऊ, कोरडा, रुंद कुंचला पुरेसा आहे. ओला फडका, साबण, कापलेला बटाटा, कांदा किंवा पाव यांचे जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांनी झालेले नुकसान दुरुस्त करण्यात माझा बराचसा काळ जातो, म्हणून हे जरा आग्रहाने सांगते. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर चित्र उतरवून हवेशीर सावलीत ठेवावे, उन्हात नव्हे, आणि स्वतः पुसत बसण्याऐवजी जाणत्या माणसाला दाखवावे.

फारशी माहीत नसलेली एक गोष्ट येथे नोंदवते. नवे तैलचित्र कापडात गुंडाळून कपाटात, अंधारात ठेवले तर जवसाचे तेल पिवळे पडते. उजेडात ठेवल्यावर तो पिवळेपणा बराच कमी होतो, पण मुळात तसे ठेवूच नये. गावचे घर तयार होईपर्यंत चित्र कोथरूडच्या भिंतीवरच राहू द्यावे. नेताना गुंडाळावे लागले तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर, सैल गुंडाळावे. रंगाची बाजू आत ठेवली तर थर दाबला जाऊन सुरकुततो. चित्र पुरते वाळलेले नसेल तर गुंडाळूच नये.

तैलरंग_दादर यांचे उत्तर

रविवर्म्याच्या प्रश्नावर दोन गोष्टी सांगतो. बाजारातील त्याच्या बहुतेक ‘तैल’ प्रती त्याच्या मूळ चित्रांवरून होत नाहीत, त्या ओलिओग्राफवरून, म्हणजे त्या चित्रांच्या रंगीत छापील प्रतींवरून होतात. 1894 साली त्याने मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तेथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून ही चित्रे छापली जात आणि त्यामुळेच ती आपल्या घराघरांत पोहोचली. त्या छपाईचे ऋण मोठे आहे, माझ्या आजोळच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी तीच होती. पण छपाईत त्वचेचे मधले टोन गळतात, गाल गुलाबी आणि सावली तपकिरी एवढेच उरते. त्यावरून केलेली तैलप्रत ही प्रतीची प्रत होते. म्हणून चित्रकार कोणत्या प्रतिमेवरून काम करणार हा प्रश्न येथे व्हर्मेरपेक्षाही अधिक जोर देऊन विचारावा, आणि मूळ तैलचित्राचे छायाचित्र समोर असेल तरच काम द्यावे.

दुसरी गोष्ट अशी की काम देण्यापूर्वी रविवर्म्याचे मूळ तैलरंगातील काम एकदा प्रत्यक्ष पाहून यावे, मग ते चित्र कोणतेही असो. सातारा जिल्ह्यात औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात त्याची मूळ चित्रे आहेत. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. बडोद्याला सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्याच्याकडून करून घेतलेली पौराणिक चित्रे आहेत. रेशमी पदराची जर त्याने कशी उभी केली आहे ते जवळून पाहावे. दूरून धाग्यांची वीण वाटते आणि जवळ गेल्यावर पिवळ्या मातीच्या रंगावर उमटलेले मोजके जाड ठिपके दिसतात. स्त्रियांच्या त्वचेत, विशेषतः मानेच्या सावलीत, हिरवट करडा किती आहे तेही पाहावे. हे डोळ्यांत भरून घेतले म्हणजे चित्रकाराच्या कार्यशाळेत मधला टप्पा पाहताना काय विचारायचे ते तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.

व्यवहाराचे म्हणाल तर, एक तृतीयांश रक्कम आरंभी, एक तृतीयांश अंडरपेंटिंग पाहिल्यावर आणि उरलेली चित्र हाती आल्यावर, असे ठरवावे. वार्निशसाठी सहा महिन्यांनंतर चित्रकार पुन्हा येईल हे लेखी घ्यावे. तोवर लावायला रिटचिंग वार्निशचा, म्हणजे पातळ तात्पुरत्या वार्निशचा, हलका हात पुरतो. बिलावर ‘रविवर्म्याच्या चित्राची नवी प्रत’ असे स्पष्ट शब्द असू द्यावेत. त्याची मूळ चित्रे 1979 पासून राष्ट्रीय कलाठेवा म्हणून घोषित आहेत आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे उद्या हे चित्र परदेशातल्या मुलाबाळांकडे पाठवायचे झाले तर विमानतळावर त्या शब्दांचा उपयोग होईल. औंधला सोमवारी जाऊ नका, आणि कोणत्याही दिवशी निघण्याआधी संग्रहालय उघडे आहे याची दूरध्वनीवर खात्री करून घ्या.